फरदड ठेवायची की नाही: गुलाबी बोंडअळी आणि एका घराचे तीन हंगाम

पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या यवतमाळकडच्या बाजूला काळ्या मातीचं नऊ एकरांचं एक शेत आहे. गावाचं किंवा माणसांचं नाव इथे येणार नाही; लिहायला होकार देताना घरच्यांनी घातलेली ती एकच अट. शेत दोघा भावांचं, एकत्र कुटुंबातलं. पेरणी आणि विक्रीत थोरल्यांचा शब्द शेवटचा. ठिबक, मोटर आणि फवारणी धाकट्यांकडे. कापूस वेचणं, बायांची मजुरी ठरवणं, गुरं, सरकी-ढेप आणि घरचं जळण थोरल्यांच्या पत्नीकडे. त्यांना मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आले, इथेही तेच म्हणेन.

मी त्या वेळी तालुक्यात कापसाच्या कीड-सर्वेक्षणाचं काम करत होते. ठरवून दिलेल्या शेतांत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावायचे, अडकलेले पतंग मोजायचे, हिरवी बोंडं फोडून पाहायची आणि आकडे पुढे पाठवायचे. हे शेत माझ्या यादीत होतं.

पाच एकरांना विहिरीचं पाणी, चार एकर कोरडवाहू. दोन्हीकडे कापूस, मधे तुरीच्या ओळी. ओलिताच्या पाच एकरांत मेअखेरीस ठिबक सोडून सरकी टोबायची, दसऱ्याच्या आसपास सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घालायचा, डिसेंबरपर्यंत तीन-चार वेचे घ्यायचे. त्यानंतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटायची नाही. पाणी आणि युरियाचा हात देऊन मार्चपर्यंत फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं वाढीव पीक, घ्यायची. वर्षानुवर्षं हाच क्रम. फरदडीचा पैसा घरात वेगळा धरला जाई. मुलांची फी, एखाद्या लग्नातलं देणं, विहिरीचा गाळ, असली कामं त्यातून उरकत. पुढचे सगळे निर्णय या पैशापाशी येऊन अडले, म्हणून हे आधी सांगितलं.

अडचण

२०१७ च्या दसऱ्यापर्यंत शेत पाहून डोळे निवत होते. झाडं खांद्याला लागलेली, बोंडं लगडलेली. पहिला वेचा चांगला निघाला. दुसऱ्या वेच्याला वहिनी ओट्यात बोंडं घेऊन बांधावर आल्या आणि माझ्यापुढे ओतून म्हणाल्या, "ताई, वरून बोंड चांगलं हाय, अंदर काहीच नाही."

आम्ही तिथेच बसून वीस हिरवी बोंडं फोडली. चौदांत अळी होती. कुठे पांढुरकी, काळ्या डोक्याची, नखाच्या टोकाएवढी. कुठे पूर्ण वाढलेली, अंगावर गुलाबी पट्टे असलेली. बोंडाच्या एका पाकळीतली (कप्प्यातली) सरकी खाऊन मधल्या पडद्याला गोल भोक पाडून ती शेजारच्या पाकळीत शिरली होती. बाहेरून बोंडाला ओरखडासुद्धा नव्हता.

थोरल्यांनी दुकानदाराने दिलेलं औषध मारलं. आठ दिवसांनी दुसरं, मग दोन औषधं एकत्र करून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा फवारण्या झाल्या. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. या शेतावरच्या एका गड्यालाही चक्कर आली, डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तो बरा होऊन परतला. पण त्याच्या आईने फवाऱ्याच्या पंपाला हात लावू नको म्हणून त्याला शपथ घातली, आणि ती मला आजही योग्य वाटते.

ओलिताच्या पाच एकरांत एकरी दहा क्विंटलच्या पुढची अपेक्षा होती. हाती चार क्विंटलच्या आसपास आले. त्यातला मोठा हिस्सा कवडीचा, म्हणजे डागाळलेला, अर्धवट उमललेला कापूस. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४३२० रुपये होता. कवडीला व्यापाऱ्याने त्याच्या निम्माही भाव दिला नाही.

पतंगाचं वर्ष

शेतकरी अळीशी लढतो, कारण त्याला अळी दिसते. मला मात्र या घराला गुलाबी बोंडअळीचा पतंग दाखवायचा होता. औषधाच्या बाटलीवर जे लिहिलेलं नसतं ते त्या पतंगाच्या दिनक्रमात असतं.

पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे त्याचं शास्त्रीय नाव. विल्यम विल्सन साँडर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८४३ मध्ये भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. पंख मिटून बसला की बासमतीच्या दाण्याएवढा, राखाडी-तपकिरी, पंखांवर काळपट ठिपके आणि कडेला झालर. दिवसभर तो मातीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली दडून राहतो. सगळे व्यवहार रात्री. म्हणूनच ज्या माणसाचं अर्धं आयुष्य कापसात गेलं त्या थोरल्यांनी हा पतंग तोवर पाहिलेला नव्हता. सापळ्याच्या पिशवीतले मेलेले पतंग तळहातावर ठेवले तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढुसा?"

मादी शे-दोनशे अंडी घालते. सुरुवातीला पात्यांवर (कोवळ्या कळ्यांवर) आणि फुलांजवळ, पुढे बोंडाच्या देठाकडच्या वाटीखाली. चार-पाच दिवसांत अंडं फुटतं आणि बाहेर आलेली अळी फार वेळ उघड्यावर राहत नाही. लगेच पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. बोंड वाढतं तसं शिरण्याचं भोक बुजून जातं. औषधाला तिच्यापर्यंत पोचायला जी वेळ मिळते ती एवढीच. त्यानंतर वरून काहीही मारलं तरी ते बोंडाच्या सालीवर राहतं. या शेतातल्या सहा फवारण्यांपैकी बहुतेक अशाच सालीवर पडल्या होत्या.

फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून धाग्यांनी शिवून टाकते. असं फूल उमलत नाही, गुंडाळलेल्या कळीसारखं राहतं. आपल्याकडे तिला डोमकळी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसणारी ही या किडीची पहिली आणि जवळजवळ शेवटची खूण. बोंडात दहा-चौदा दिवस खाऊन अळी गोल भोक पाडून बाहेर पडते, जमिनीत किंवा पाचोळ्यात कोषात जाते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होऊन उडते. साधारण महिन्याला एक पिढी.

मात्र दिवस लहान झाले, थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या अळ्या कोषात जात नाहीत. त्या खाणं थांबवून झोपी जातात. बोंडात, पाचोळ्यात, आणि मुख्य म्हणजे सरकीत. दोन सरक्या धाग्यांनी एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत अळी महिनोन्‌महिने पडून राहते. मी हे प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण प्रत्यक्षात दाखवलं वहिनींनी. म्हशीला घालायच्या सरकीत त्यांना अशा जुळ्या सरक्या नेहमी सापडत. त्या चिमटीत धरून फोडत आणि आतली अळी कोंबडीला टाकत. त्यांच्या लेखी ते सरकीतलं "किडं" होतं. शेतात बोंडं पोखरणारी आणि ही एकच, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही तोवर त्यांना काही विचारायचं सुचलेलं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता या झोपलेल्या अळ्यांचे कोष होतात आणि पतंग निघू लागतात. काही एप्रिल-मेमध्ये, बरेचसे पहिल्या पावसाच्या आगेमागे. त्या वेळी शेतात पात्या असतील तर वंश पुढे चालला. नसतील, तर थोड्या दिवसांच्या आयुष्यात अंडी घालायला योग्य जागा न मिळता पतंग मरून जातात.

आता बीटीचा मुद्दा, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक घातलेल्या कापसाचा. घरातला पहिला प्रश्न तोच होता: बियाणं बोंडअळीचंच होतं ना? देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. सुरुवातीला अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी अशा तिन्ही बोंडअळ्या आवरल्या. २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांतून गुलाबी अळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याची कबुली आली. त्याच दशकाच्या मध्यावर तिथेच दुसरंही निकामी होऊ लागलं, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा तडाखा खाल्ला. हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असं पुष्कळ काही खाते. तिच्यातल्या कितीतरी अळ्यांची बीटीशी गाठच पडत नाही. गुलाबी अळीचं पोट मुख्यतः कापसावर. भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या काही झाडांवर ती तग धरते, पण तिचा संसार कापसाचाच. शिवारभर बीटी म्हटल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तिची विषाशीच गाठ पडत राहिली आणि जी तगली तिचीच प्रजा वाढली. त्यात आपल्याकडे संकरित वाण. संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत दोन्ही विषं सारखी नसतात. काहींत दोन्ही, काहींत एकच, थोड्यांत एकही नाही. अळीला सराव व्हायला याहून सोयीची जागा नाही, असं कीटकतज्ज्ञ सांगत आले आहेत.

कापसाशिवाय जगता न येणं ही तिची ताकद झाली, तशीच ती तिची दुबळी बाजूही आहे. वर्षातले पाच-सहा महिने शिवारात हिरवा कापूस नसेल तर तिला दुसरं घर नाही. मे महिन्यातली पेरणी आणि मार्चपर्यंतची फरदड यांनी आपण ते मधले महिने भरून काढले होते. या घराच्या पाच एकरांत वर्षभरात कापूस नसलेले दिवस जेमतेम दोन महिन्यांचे.

समोरचे पर्याय

डिसेंबर २०१७ मध्ये ओसरीवर बसून चार गोष्टींचा विचार झाला. कापूसच सोडायचा आणि सोयाबीन-तूर करायची, हा धाकट्यांचा रागातला पर्याय. सोयाबीन आधीच्या दोन वर्षांत पडलं होतं, शिवाय कापसाइतका रोख पैसा त्यात नाही, म्हणून तो त्याच रात्री मागे पडला. दुसरा पर्याय महागड्या औषधाचा. गड्याच्या दवाखान्यानंतर वहिनींनी तो बोलूच दिला नाही. तिसरा, आहे तसंच चालू ठेवायचं, हे दर वर्षी थोडंच होतं, अशा आशेवर. चौथा माझा होता: फरदड बंद, पऱ्हाटी डिसेंबरअखेर बाहेर, पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, लवकर येणारं वाण, सापळे आणि आकड्यांवर फवारणी. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ हेच सांगत होतं. मी नवं काही आणलं नव्हतं. पण तो पर्याय मांडताना मी एक चूक केली. अळीचं सगळं सांगितलं आणि फरदडीच्या पैशाचं काहीच बोलले नाही.

पहिला निर्णय: उभी पऱ्हाटी

थोरले म्हणाले, "ताई, झाडाले अजून बोंडं हायेत. विहिरीत पाणी हाय. अशी उभी पऱ्हाटी उपटू कसा? हात उठत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्यांनी काढलं. ते पऱ्हाटीत शिरले आणि वेगवेगळ्या ओळींतून पन्नास हिरवी बोंडं तोडून आणली. "दादा, तूच फोड." थोरल्यांनी एकेक फोडलं. निरोगी बोंडं नऊ निघाली. मग धाकट्यांनी पाण्याचा, युरियाचा आणि दोन वेच्यांच्या मजुरीचा हिशेब तोंडी मांडला. त्या नऊ बोंडांच्या कापसात ती मजुरीही निघत नव्हती.

सल्ला पटतो तो आपल्या हाताने फोडलेल्या बोंडावर, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून कुठल्याही शेतात मी बोंड स्वतः फोडत नाही.

दुसरा निर्णय: उपटलेली पऱ्हाटी ठेवायची कुठे

हा प्रश्न कागदावरच्या कुठल्याच शिफारशीत नीट मावत नव्हता. पऱ्हाटी म्हणजे घरचं वर्षाचं जळण. बांधावर किंवा घरामागे गंजी रचायची आणि पावसाळा संपेपर्यंत पुरवायची. गॅस होता, तरी अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण आणि भाकरी चुलीवरच. मी म्हटलं, गंजी ठेवू नका, त्यात किडकी बोंडं राहतात. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मंग पावसाळ्यात चुलीत काय घालू?"

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. शेवटच्या फवारणीला महिना उलटून गेल्याची खात्री करून थोरल्यांनी मेंढपाळांना बोलावलं. दोन रात्री शेतात मेंढ्या बसवल्या. त्यांनी पाला आणि खालची हिरवी बोंडं बरीचशी संपवली, लेंडीखत वेगळं मिळालं. मेंढपाळाने आधी स्वतः विचारून घेतलं होतं की औषध केव्हा मारलंय. विषारी पाला खाऊन कळपाला बाधा झाल्याचं त्याने पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट वहिनींनी एकट्याने ठरवली. तुरीची कापणी जानेवारीत झाली. आजवर तुराट्या आधी जाळल्या जात, कारण त्या भडकन पेटतात, आणि जाड पऱ्हाटी पावसाळ्यासाठी राखली जाई. त्यांनी क्रम फिरवला. पऱ्हाटी रचण्याआधी बायांकडून तिच्यावरची वाळकी बोंडं ओरबाडून काढून जाळली, मग जानेवारी ते एप्रिल चुलीत फक्त पऱ्हाटी. तुराट्यांची गंजी ताडपत्रीखाली पावसाळ्यासाठी. एप्रिलच्या शेवटी घरामागे पऱ्हाटीची काडी नव्हती. खर्च शून्य. पतंग निघायच्या वेळेआधी त्याचं घर चुलीत गेलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निर्णय, आणि माझ्या त्या वर्षीच्या अहवालात त्याला रकानाच नव्हता.

मार्चमध्ये खोल नांगरट झाली. नांगरामागे बगळे आणि मैना दिवसभर होते.

तिसरा निर्णय: पेरणीची तारीख

२०१८ च्या मेमध्ये शेजारच्या दोन विहिरींवर कापूस लागला. कृषी विभाग मेमध्ये पेरू नका म्हणून सांगत होता. तरी ज्याच्याकडे पाणी त्याचा धीर सुटतो. थोरल्यांचाही सुटत होता. जूनमध्ये एक पाऊस पडून उघाड पडली, तेव्हा ते रोज सकाळी ओल बघायला शेतात जात. पुरता पाऊस झाल्यावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सरकी पडली.

इथे एक गोष्ट निसटली. त्या वेळी बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगरबीटी सरकीची छोटी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावायची असे, म्हणजे विषाला सरावलेल्या पतंगांची जोडी बिगरसरावाच्या पतंगांशी जुळते आणि पुढची प्रजा बीटीपुढे टिकत नाही. धाकट्यांनी ती पुडी खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली. मी त्या दिवशी दुसऱ्या गावात होते आणि आधी कधी त्या पुडीबद्दल बोललेही नव्हते. त्या वेळेपर्यंत विदर्भातल्या गुलाबी अळीत प्रतिकार इतका पसरला होता की एका शेतातल्या पुडीने फार फरक पडला नसता. पण देशभर वर्षानुवर्षं अशाच पुड्या फेकल्या किंवा खाड्यांत गेल्या, आणि आपण आज जिथे आहोत तिथे येण्यात त्यांचा वाटा आहे.

चौथा निर्णय: फवारायचं केव्हा

पीक दीड महिन्याचं झाल्यावर एकरी दोन सापळे लावले, झाडांच्या शेंड्यांपेक्षा हातभर उंच. सापळ्यातल्या गोळीला मादीच्या गंधाची नक्कल असते, त्यामुळे त्यात नरच येतात. हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर पिशवी रिकामी करून "एवढे मेले" असं समाधान होतं. सापळ्यातले नर म्हणजे बाहेर काय चाललंय याची खबर, एवढंच. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलायची.

शिफारशीतला आकडा ठरलेला: एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, सलग तीन रात्री, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली. ऑगस्टअखेर सापळ्यात चार, पाच, सहा येऊ लागले. थोरल्यांचा हात पंपाकडे गेला. धाकट्यांनी शाळेच्या जुन्या वहीत रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली होती, ती त्यांनी पुढे ठेवली. आठ व्हायचे होते. त्याऐवजी वेचणीच्या दोन बाया लावून आठवड्यातून दोनदा डोमकळ्या तोडल्या, पिशवीत भरून जाळल्या आणि पाच टक्के निंबोळी अर्क मारला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वहीत नऊ, अकरा, दहा असे आकडे आले. वीस बोंडं फोडली, तिघांत अळी. मग एक फवारणी झाली. तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ, सकाळची वेळ, एकच औषध, मिसळ नाही. नोव्हेंबरात आणखी एक. आदल्या वर्षी सहा होत्या.

निष्पत्ती

२०१८ च्या हंगामात ओलिताच्या पाच एकरांत एकरी आठ क्विंटलच्या जवळपास कापूस झाला, कवडी थोडी. फरदड नाही. मोकळ्या झालेल्या तीन एकरांत विहिरीच्या पाण्यावर उशिराचा गहू आणि थोडा भुईमूग घेतला. फरदडीच्या पैशाची पूर्ण भरपाई त्यातून झाली नाही, हे मी स्पष्ट लिहिते. वहिनींनी त्या वर्षी विहिरीचं काम पुढे ढकललं. पण औषधाचा खर्च तिसऱ्या हिश्शावर आला आणि घरात कुणी आजारी पडलं नाही.

२०१९ मध्ये नाल्याच्या अलीकडच्या अकरा घरांनी फरदड सोडली. ही मात्र बैठकीतून झालेली गोष्ट नव्हे. वेचणीच्या बाया सगळ्यांकडे त्याच असतात. कोणाच्या शेतात कापूस पांढरा निघतो आणि कोणाच्या शेतात कवडी, हे त्यांच्याकडून गावभर झालं. त्या वर्षी पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. पऱ्हाटी हिरवीगार राहिली, आणि नाल्यापलीकडे पुष्कळांनी फरदड ठेवली.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कापसाची खरेदी थांबली. या घरात पंचवीस क्विंटल कापूस मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेला, जूनपर्यंत तसाच. पोरांच्या अंगाला खाज सुटे म्हणून ती ओसरीवर निजत. मेमध्ये धाकट्यांचा फोन आला. त्यांनी सहज म्हणून एक सापळा त्या खोलीच्या खिडकीत टांगला होता. एका रात्रीत एकतीस पतंग.

आम्ही पऱ्हाटी संपवली, शेत नांगरलं, पेरणी लांबवली. आणि अळी आमच्याच घरात, आमच्याच कापसाच्या सरकीत झोपली होती. त्या पावसाळ्यात या घराजवळच्या ओळींत डोमकळी नाल्याच्या बाजूपेक्षा दोन आठवडे आधी दिसली. २०२० चा हंगाम विदर्भात बोंडसड आणि बोंडअळी दोन्हींनी खाल्ला. या शेतातही एकरी पाच क्विंटलवर समाधान मानावं लागलं. फवारण्या तीन झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी फरदडीच्या पैशाला पर्याय. डिसेंबरात उपटा म्हणताना जानेवारीत काय पेरायचं, त्याचं बियाणं, पाणी आणि विक्री यांचा कागद मी सोबत नेला असता तर थोरल्यांना एकट्याला तो घास गिळावा लागला नसता. गहू त्यांनी उशिरा, घाईत पेरला. पंधरा दिवस आधी ठरलं असतं तर उतारा वाढला असता.

दुसरं, सापळे मी फक्त शेतात लावले. गावापासून दोन किलोमीटरवर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, आहे. तिथे गावोगावचा कापूस येतो, सरकी उन्हाळाभर उघड्यावर पडून असते. त्या बाजूच्या शेतांत दर वर्षी आकडे आधी चढत, हे माझ्याच नोंदींत होतं. मी ते आकडे पाठवत राहिले, नकाशावर मांडून पाहिले नाहीत. जिनिंगच्या आवारात, सरकीच्या गोदामापाशी आणि कापूस साठवलेल्या प्रत्येक घराच्या खिडकीत मार्च ते जुलै सापळे हवे होते. टाळेबंदी कुणाच्या हातात नव्हती, पण पंचवीस क्विंटल कापसाच्या खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळी लावणं आणि आत सापळे टांगणं हातात होतं. एका जुन्या मच्छरदाणीत भागलं असतं.

तिसरं, हे एका घराचं काम नव्हतं. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्यासाठी सगळ्या कापूस उत्पादकांनी एकाच वेळी बीटी, गंधाने नरांना चकवणं, वेळेवर पीक काढणं आणि विमानातून सोडलेले वांझ पतंग यांची वर्षानुवर्षं सांगड घातली होती. आपल्या दोन-पाच एकरांच्या तुकड्यांत विमान नको, पण एका शिवाराची पेरणी एका आठवड्यात आणि उपटणी एका आठवड्यात, एवढं ग्रामसभेत ठरू शकतं. मी पहिल्या वर्षी ग्रामसभेत गेले होते आणि अळीच्या चार अवस्था सांगून परत आले. वेचणीच्या बायांना मी बोलावलंच नाही. त्या दिवशी त्या शेतात होत्या. सगळ्या शिवाराची खडान्‌खडा माहिती असणारी तीच माणसं होती. सभा संध्याकाळी ठेवली असती, तर त्या आल्या असत्या.

आणि चुलीचं. २०२१ पासून मी प्रत्येक घरात सापळ्याच्या आधी जळणाचं विचारते: गंजी किती, कशाची, कुठे, केव्हापर्यंत पुरेल. ज्या घरात तूर आहे तिथे वहिनींचा क्रम सांगते. जिथे तूर नाही, तिथे अजून माझ्याकडे नीट उत्तर नाही. दोन गावांत पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र भाड्याने आणून पाहिलं, पण त्याने खत मिळतं, जळण नाही. वहिनींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तूर पेरा म्हणाव. दोन ओळी तं कोणालेही होतात."